डिस्चार्ज कार्डानंतरचे दिवस

(वार्षिक सर्वसाधारण सभेत प्रशासकांनी केलेले भाषण)



ताळेबंद आपल्या हाती आहेच. त्यातील आकड्यांची उजळणी आम्ही करीत नाही. त्यात स्वतंत्र रकाना नसलेल्या एका सेवेविषयी मात्र बोलणे अगत्याचे वाटते. मन खचलेल्या अवस्थेत स्वतःला इजा करून घेतलेले आणि डॉक्टरांच्या शर्थीने वाचलेले रुग्ण घरी परततात, त्यानंतरची ही सेवा आहे.

अशा रुग्णांचे प्राण वाचविण्याची सामग्री आपण सढळ हाताने दिलीत. व्हेंटिलेटरवर देणगीदाराच्या नावाची पट्टी लावता येते, समाजसेविकेच्या दूरध्वनीवर ती लावता येत नाही. परंतु जखम भरली म्हणून तिच्यामागचे दुःख सरत नाही. एकदा असा प्रसंग घडलेल्या व्यक्तीस पुन्हा धोका अधिक असतो, आणि घरी परतल्यानंतरचे पहिले काही आठवडे विशेष नाजूक असतात.

जागतिक आरोग्य संघटनेने चेन्नई व कोलंबोसह पाच देशांतील रुग्णालयांत केलेला एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे १,८६७ रुग्ण होते. सुमारे निम्म्यांना नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्यांशी त्याखेरीज तासभर सविस्तर बोलणे झाले आणि पुढील अठरा महिन्यांत नऊ वेळा, भेटून वा दूरध्वनीवरून, त्यांची विचारपूस झाली. पहिल्या गटात आत्महत्येने झालेल्या मृत्यूंचे प्रमाण शेकडा २.२ होते, दुसऱ्यात ०.२. आम्ही वाणिज्य शाखेचे. औषधोपचारांतले आम्हांस कळत नाही. पण इतक्या अल्प खर्चात इतका परतावा (हिशेबी माणसास हाच शब्द सुचतो) देणारी दुसरी बाब आमच्या पाहण्यात नाही.

अडचण पैशांचीच आहे. धर्मादाय योजनेनुसार बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जाते व त्यातून गरजूंच्या उपचारांचा खर्च भागतो. रुग्ण घरी गेला की बिल थांबते; समाजसेविकेचे काम तेव्हा सुरू होते. तिचे वेतन देणग्यांतूनच उभे राहावयाचे आहे.

नातेवाइकांची पहिली चिंता मात्र पोलिसांची असते. केसपेपरवर ‘एमएलसी’ लिहिले गेले की वडीलधारी मंडळी आवाज खाली आणतात, आणि घडले ते ‘अपघात’ म्हणून सांगितले जाते. मग मानसोपचारतज्ज्ञांना बोलावण्याचे कारणच कागदावर उरत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम ११५ नुसार अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते, तिला शिक्षा होत नाही. उलट तिची शुश्रूषा व पुनर्वसन हे शासनाचे कर्तव्य ठरते. १ जुलै २०२४ रोजी भारतीय न्याय संहिता लागू झाली, तीत जुने सरसकट कलम ३०९ राहिलेले नाही. नोंद झाली म्हणून रुग्ण आरोपी ठरत नाही. तेव्हा डॉक्टरांना खरे तेच सांगावे.

आप्तेष्टांस आणखी एक विनंती. डिस्चार्जच्या वेळी रुग्णाचा स्वतःचा क्रमांक लिहून द्यावा. तो नसेल तर घरचा द्यावा, आणि आमच्या समाजसेविकेचा फोन आला की ‘आता सगळे ठीक आहे’ असे परस्पर न सांगता तो रुग्णाच्या हाती द्यावा. रात्री-अपरात्री गरज भासल्यास शासनाची ‘टेली-मानस’ ही निःशुल्क सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे. तेथे मराठीतून बोलता येते. हा क्रमांक यापुढे प्रत्येक डिस्चार्ज कार्डावर, औषधांच्या यादीखाली, ठळक अक्षरांत छापलेला असेल.