सॅराटोगाचा बंगला आणि आपली देणगी



आम्हा तरुण कार्यकर्त्यांना "पाचच मिनिटं बोला" अशी सक्त ताकीद आहे. तेव्हा देणगीच्या आवाहनाआधी एका बंगल्याची गोष्ट सांगतो.

आपल्या बे एरियातल्या सॅराटोगाचा व्हिला मोंटाल्व्हो तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. डोंगराच्या कुशीतला बंगला, पुढे हिरवळ, मागे गर्द झाडी. घरात लग्न किंवा मोठा समारंभ ठरला की जागांच्या यादीत हे नाव येतंच. मग आपण इंजिनिअर मंडळी एक्सेल शीट उघडतो. भाडं किती, पार्किंग किती, केटरर आपला चालेल का, होम पेटवू देतील का, ढोल किती वाजता बंद करायचा! फक्त "हा बंगला बांधला कोणी?" हा कॉलम त्या शीटमध्ये नसतो.

तो १९१२ मध्ये बांधला जेम्स फेलन यांनी. सॅन फ्रान्सिस्कोचे माजी महापौर, श्रीमंत आणि कलाप्रेमी गृहस्थ. १९१५ ते १९२१ ते सिनेटर होते. १९२० च्या निवडणुकीतली त्यांची घोषणा होती, 'कॅलिफोर्निया गोरा ठेवा'! मुख्य रोख जपान्यांवर होता, पण दार आपल्यालाही बंदच होतं. १९१७ च्या कायद्याने हिंदुस्थानातून इथे येऊन स्थायिक होणं जवळजवळ अशक्य झालं. १९२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने भगतसिंग थिंड खटल्यात आपल्या लोकांना नागरिकत्वही नाकारलं.

फेलन ती निवडणूक हरले. १९३० मध्ये ते वारले, तेव्हा बंगला त्यांनी मृत्युपत्राने लोकांसाठी आणि कलांसाठी ठेवला. आज तिथे कलाकेंद्र चालतं, आणि समारंभांचं भाडं त्या संस्थेच्या उपयोगी पडतं. मधल्या काळात १९४६ आणि १९६५ च्या कायद्यांनी दारं उघडली. ती आपोआप उघडली नाहीत. दलीपसिंग सौंद यांच्यासारखी माणसं त्यासाठी वर्षानुवर्षं झटली. म्हणून आज त्याच हिरवळीवर मुंडावळ्या बांधून आपली मुलं उभी राहू शकतात. फेलनसाहेबांना हे बघवलं असतं का, कोण जाणे! पण त्यांचं मन जेवढं मोठं होतं, त्यापेक्षा त्यांचं दान मोठं निघालं.

हे आज सांगण्याचं कारण आहे. यंदाचा निधी मराठवाड्यातल्या मुलींच्या वसतिगृहासाठी आहे. काही देणगीदारांनी आम्हाला विचारलं, "आमच्याच तालुक्यातल्या, आमच्याच समाजातल्या मुलींना खोली, अशी अट घालता येईल का?" त्यामागची माया आम्हाला कळते. आपल्या गावाचं ऋण कोणाला फेडावंसं वाटत नाही? तरीही आमची हात जोडून विनंती आहे, अट घालू नका. इमारत पन्नास-शंभर वर्षं उभी राहील. तिच्या दारात उद्या कोणाची लेक पेटी घेऊन येईल, हे आज आपण कशाला ठरवायचं?

फॉर्म तुमच्या टेबलावर आहेत. कंपनीकडून मॅचिंग मिळत असेल तर तेही जरूर भरा. अटींसाठी मात्र आम्ही फॉर्मवर जागाच ठेवलेली नाही!