पायवाट आणि वहिवाट

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्याख्यानमालेचे निमंत्रण घेऊन कार्यवाह माझ्या घरी आले, तेव्हा मी एखाद्या ग्रंथाविषयी किंवा ग्रंथकाराविषयी बोलेन अशी त्यांची अपेक्षा होती. आयुष्यभर मराठी शिकविणाऱ्या माणसाकडून दुसरी कोणती अपेक्षा करायची? परंतु मी विषय सांगितला आणि ते क्षणभर गोंधळले. मी बोलणार आहे अमेरिकेतल्या एका पायवाटेविषयी. ती मी पाहिलेली नाही. आपणांपैकी बहुतेकांप्रमाणे मीही दूरचे देश पुस्तकांतूनच पाहिले. तरीही शताब्दीच्या प्रसंगी मला तिचीच आठवण झाली, कारण ती पायवाट आणि आपले ग्रंथालय जवळजवळ समवयस्क आहेत आणि दोहोंपुढचा प्रश्नही एकच आहे. लोकांनी आपखुशीने उभारलेली गोष्ट, उभारणारे निघून गेल्यावर टिकते कशी?

या पायवाटेला अ‍ॅपलेचियन मार्ग म्हणतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला समांतर गेलेल्या पर्वतरांगांच्या माथ्यावरून, दक्षिणेस जॉर्जिया राज्यातील स्प्रिंगर शिखरापासून उत्तरेस मेन राज्यातील कटाडिन शिखरापर्यंत, चौदा राज्यांतून ती जाते. लांबी सुमारे ३,५०० किलोमीटर. आपला सबंध पश्चिम घाट सोळाशे किलोमीटरांचा धरला तर त्याच्या दुपटीहून अधिक. एका दमात चालू जाणाऱ्याला पाच-सहा महिने लागतात.

एवढी मोठी वाट सुरू झाली ती एका लेखापासून. बेंटन मॅकाय नावाचे एक वनशास्त्रज्ञ होते. १९२१ च्या एप्रिलमध्ये त्यांच्या पत्नीने आत्महत्या केली. स्त्रियांच्या मताधिकारासाठी झटलेली ती कार्यकर्ती होती. त्या शोकात मॅकाय एका मित्राकडे जाऊन राहिले. हा मित्र वास्तुशिल्पज्ञांच्या संस्थेच्या नियतकालिकाचा संपादक होता. त्याच्या आग्रहावरून मॅकाय यांनी मनात घोळत असलेली कल्पना कागदावर उतरविली आणि ऑक्टोबर १९२१ च्या अंकात तो लेख प्रसिद्ध झाला. लेखात वाट होती, परंतु तेवढीच नव्हती. गिरण्या-कारखान्यांत पिचणाऱ्या माणसाला डोंगरात विसावा मिळावा, वाटेवर निवारे असावेत, माणसांनी एकत्र राहून शेती आणि वनीकरण करावे, असे ते समाजरचनेचे स्वप्न होते. वाट हा त्या स्वप्नाचा केवळ कणा होता.

स्वप्न छापून आले, तरी वाट काही लेखाने तयार होत नाही. न्यूयॉर्कजवळच्या बेअर माउंटन परिसरात १९२३ साली पहिला टप्पा खुला झाला. १९२५ साली वॉशिंग्टनमध्ये परिषद भरली, मध्यवर्ती मंडळ स्थापन झाले, भाषणे झाली. आणि पुढे जे होते तेच झाले. काम रेंगाळले. आपल्याकडच्या संस्थांचा अनुभव ज्यांच्या गाठीशी आहे, त्यांना हे निराळे समजावून सांगायला नको.

ते रेंगाळलेले काम दोघा कायदेपंडितांनी हाती घेतले. एक कनेक्टिकटचे निवृत्त न्यायाधीश आर्थर पर्किन्स आणि दुसरा वॉशिंग्टनमधील तरुण वकील मायरन एव्हरी. एव्हरी यांनी १९२७ साली पोटोमॅक नदीच्या परिसरात एक मंडळ काढले आणि १९३१ पासून १९५२ पर्यंत मध्यवर्ती मंडळाची धुरा वाहिली. सायकलच्या चाकाला अंतरमापक जोडून ते चाक ढकलीत हा गृहस्थ डोंगर मोजीत हिंडे. सुटीच्या दिवशी गावोगावची माणसे जमवावी, झाडी तोडावी, जमीनमालकाची परवानगी मिळवावी, झाडांच्या खोडांवर दोन इंच रुंद आणि सहा इंच उंच असा पांढरा पट्टा ओढावा, असे ते काम. वाटेचे तुकडे पाडून एकेक तुकडा एकेका स्थानिक मंडळाकडे सोपविण्यात आला. १४ ऑगस्ट १९३७ रोजी मेनमधील शेवटचा दोनेक मैलांचा टप्पा पुरा झाला आणि सुमारे दोन हजार मैलांची वाट सलग झाली. लेख छापून तोवर सोळा वर्षे झाली होती.

तोवर स्वप्न पाहणारा आणि वाट पाडणारा यांच्यात कायमचा दुरावा आला होता. व्हर्जिनिया राज्यात डोंगरमाथ्यावरूनच मोटारींचा रस्ता काढण्याचे सरकारने ठरविले आणि पायवाटेला बाजूला सरावे लागले. मॅकाय यांचे म्हणणे असे की, माथ्यावर मोटारी आल्या म्हणजे वाटेचा हेतूच संपला. वाट तुटली तरी चालेल, निर्जनता राखा. एव्हरी यांचे म्हणणे असे की, रस्ता थांबवणे आपल्या हाती नाही. सरकारशी जुळवून घ्या, वाट थोडी हलवा, पण अखंड ठेवा. १९३५ च्या सुमारास हा वाद विकोपाला गेला. मॅकाय बाजूला झाले आणि निर्जन अरण्यांच्या रक्षणासाठी निघालेल्या नव्या संस्थेच्या संस्थापकांत सामील झाले. दोघांपैकी चुकले कोण? मी पुष्कळ विचार केला आणि माझे उत्तर दर वेळी बदलत गेले. आज एवढेच म्हणतो की, एकाशिवाय वाट सुचली नसती आणि दुसऱ्याशिवाय ती झाली नसती.

पुरी झालेली वाट वर्षभरच पुरी राहिली. १९३८ च्या सप्टेंबरमधील चक्रीवादळाने ईशान्येकडची झाडे वाटेवर आडवी केली. व्हर्जिनियात डोंगरी रस्त्याच्या आणखी एका योजनेने सुमारे १२० मैलांचा मार्ग गिळला. मग महायुद्ध आले. वाट राखणारे हात युद्धावर गेले आणि वाटेवर रान माजले. ती पुन्हा सलग झाली ती १९५१ साली.

त्या सुमारास तिच्यावरून दोन माणसे चालली. पहिला अर्ल शॅफर, युद्धात जिवलग मित्र गमावून परतलेला तरुण. युद्ध अंगातून चालून काढावे म्हणून तो १९४८ साली निघाला आणि १२४ दिवसांत दक्षिणेकडून उत्तरेस पोहोचला. एका हंगामात कुणी सबंध वाट चालेल, यावर मंडळाचाच आधी विश्वास बसेना. त्याला रोजनिशी आणि छायाचित्रे दाखवावी लागली.

दुसऱ्या एमा गेटवुड. ओहायो राज्यातल्या शेतकरी घरातली ही बाई, अकरा लेकरांची आई. पतीच्या मारहाणीतून तिने स्वतःची सुटका करून घेतली होती. एका मासिकात तिने या वाटेवरचा लेख वाचला आणि १९५५ साली, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, साधे कापडी बूट घालून, हाताने शिवलेली झोळी खांद्यावर टाकून ती एकटी सबंध वाट चालून गेली. मासिकातल्या वर्णनाशी प्रत्यक्ष वाट मुळीच जुळत नाही, हे तिने वार्ताहरांना रोखठोक सांगितले. त्यामुळे वाटेच्या दुरवस्थेकडे पुष्कळांचे लक्ष गेले. सभासदांचे अहवाल जे करू शकले नाहीत, ते एका वाचक बाईच्या पायांनी केले. वाचक ग्रंथालयाला काय देतो, असे कुणी विचारले तर मला हीच बाई आठवते.

एक मोठे संकट मात्र दगडधोंड्यांचे नव्हते, ते कागदाचे होते. वाटेचा मोठा भाग खासगी जमिनींतून, मालकाच्या तोंडी परवानगीवर जात असे. मालक बदलला, जमीन विकली गेली, घरे उठली, की वाट रस्त्याच्या कडेला ढकलली जाई. इथे मला आपल्या भाषेतला एक शब्द फार मोलाचा वाटतो: ‘वहिवाट’. बडोदे संस्थानात तालुक्याच्या मुख्य अधिकाऱ्याला वहिवाटदार म्हणत, हे येथील जुन्या मंडळींना ठाऊक आहेच. वहिवाट म्हणजे कारभार, वहिवाट म्हणजे रूढी, आणि वहिवाट म्हणजे सततच्या वापराने सिद्ध झालेला हक्क. पायवाट पावलांनी पडते. ती वहिवाट होते ती पिढ्यानुपिढ्यांच्या वापराने आणि त्या वापराला कायद्याने दिलेल्या मान्यतेने.

ती मान्यता मिळण्यासाठी १९६८ साल उजाडावे लागले. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये राष्ट्रीय मार्गांचा कायदा झाला आणि ही वाट राष्ट्राची ठरली. १९७८ च्या दुरुस्तीने जमिनी घेण्यासाठी नऊ कोटी डॉलरची तरतूद केली. सर्वच मालकांनी राजीखुशीने जमिनी दिल्या असे नाही, काही कुटुंबांच्या मनात सल राहिला. त्याआधी व्हर्जिनियात राष्ट्रीय उद्यान करतानाही शेकडो डोंगरी कुटुंबांना उठावे लागले होते. एकाची वाट होताना दुसऱ्याची मोडू शकते, हेही या इतिहासात लिहिलेले आहे आणि ते वगळून वाटेचे गोडवे गाणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

पुढची गोष्ट मला सर्वांत विलक्षण वाटते. जमीन सरकारची झाली, परंतु १९८४ साली राष्ट्रीय उद्यान विभागाने वाटेच्या दैनंदिन व्यवस्थेची जबाबदारी त्या जुन्या लोकमंडळाकडेच सोपविली. आजही तीसेक स्थानिक मंडळांचे स्वयंसेवक पडलेली झाडे कापतात, पावसाचे पाणी वाट धुऊन नेऊ नये म्हणून आडवे दगड बसवितात, फिकट झालेले पांढरे पट्टे पुन्हा रंगवितात. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन चक्रीवादळाने दक्षिणेकडील भागाची पुन्हा दैना केली आणि माणसे करवती घेऊन पुन्हा डोंगर चढली. ज्या मार्गाने १९३७ साली वाट गेली होती, त्याचा फार मोठा भाग आज मूळ जागी नाही. वाट सरकली, वळली, चढली, उतरली. पण ती तीच वाट आहे, कारण तिला राखणाऱ्यांची साखळी तुटली नाही.

आता आपल्या घरी येतो. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९१० साली ग्रंथालयांच्या उभारणीसाठी अमेरिकेहून विल्यम बोर्डन यांना पाचारण केले. तेही कनेक्टिकटचेच. त्यानंतर गावोगावच्या ग्रंथालयांसाठी जी पद्धत राबविली गेली, तिच्यातले शहाणपण पाहा. गावाने आपला वाटा आधी जमवावा, मग पंचायतीने आणि सरकारने तेवढीच भर घालावी. राजाश्रय होता, पण पहिले पाऊल लोकांचे. आपले ग्रंथालय त्याच हवेत जन्माला आले.

आणि आता एक कबुली. वीसेक वर्षांपूर्वी मी या संस्थेच्या कार्यकारिणीवर होतो. तेव्हा मी एक भव्य योजना मांडली होती: संशोधन विभाग, परिसंवाद, स्वतंत्र वाचनकक्ष. बारा पानांचे टिपण होते. तत्कालीन कार्यवाहांनी ते पूर्ण वाचले आणि शांतपणे म्हणाले, “सर, कल्पना उत्तम आहे. पण मागच्या खोलीतल्या कपाटांना ओल आली आहे. या रविवारी येता का?” मला तो माझ्या विद्वत्तेचा अपमान वाटला. मी राजीनामा दिला आणि सात वर्षे या पायऱ्या चढलो नाही.

सात वर्षांनी एका विद्यार्थिनीला प्रबंधासाठी एका जुन्या मासिकाचे अंक हवे होते. नाइलाजाने आलो. अंक सापडले, सलग, कापडी बांधणीत, वाळवीचा स्पर्शही न झालेले. दाखल नोंदवहीत त्या कार्यवाहांचे टपोरे अक्षर होते. ते स्वतः मात्र आदल्याच वर्षी निवर्तले होते. कागदपत्रांच्या फायलीत माझे बारा पानी टिपणही व्यवस्थित लावलेले होते आणि कोपऱ्यात त्यांनी लिहिले होते, ‘पुढे पाहावे’. मी त्यांना विसरलो होतो, त्यांनी माझी योजना विसरली नव्हती. त्या वर्षापासून मी रविवारी येतो. उशिरा का होईना, पण येतो.

बंधुभगिनींनो, आज आपल्या नातवंडांपैकी किती जण मराठी वाचतात, हे मी आकडा देऊन सांगत नाही, आपण सर्व जाणता. घरी ती मराठी बोलतात, मित्रांशी गुजराती, शाळेत इंग्रजी, आणि त्यात वावगे काही नाही. पण परप्रांतात भाषेचा हक्क वहिवाटीनेच टिकतो. वापर थांबला की रान माजते.

म्हणून माझी एक सूचना आहे. त्या डोंगरावर एकेक तुकडा एकेका मंडळाकडे असतो. आपल्याकडे एकेक कपाट एकेका कुटुंबाने घ्यावे. महिन्यातून एक रविवार यावे, धूळ झटकावी, फाटलेली पाने चिकटवावी, आणि बरोबर घरातले एखादे मूल आणून त्याला त्यातले एक पान मोठ्याने वाचायला सांगावे. डावीकडून तिसरे कपाट मी घेतले आहे. त्याच्या तळाच्या फळीला अजून थोडी ओल आहे.