चोवीस इंचांची पट्टी

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

माझा व्यवसाय सांगितला की लोक हसतात आणि दुसरी ओळख सांगितली की गप्प होतात. मी मोबाइलवरचे गेम बनवतो, आणि मी फ्रीमेसन आहे.

आधी व्यवसाय. अंधेरीतल्या एका स्टुडिओत मी गेमचे टप्पे, म्हणजे लेव्हल्स रचतो. तिसऱ्या लेव्हलला खड्डा किती रुंद ठेवला म्हणजे खेळणारा चिडेल, पण फोन खाली ठेवणार नाही, हे ठरवण्याचा मला पगार मिळतो. काम गमतीचं वाटतं. पण सणाच्या तोंडावर नवीन आवृत्ती सोडायची असली की आमच्याकडे रात्र नसते. मी छत्तिशीत आहे, म्हणजे आमच्या ऑफिसात म्हातारा.

दर महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी मी काळा सूट घालून फोर्टातल्या फ्रीमेसन्स हॉलमध्ये जातो. तिथे मी पोरगा. गुप्त मंडळ, भुताखेताची पूजा वगैरे जे तुम्ही ऐकलं असेल, त्यातलं काही तिथे नाही. पाथरवटांची जुनी हत्यारं या मंडळींनी खुणा म्हणून उचलली. आपला गवंडी रोज वापरतो तोच गुण्या, तोच ओळंबा, तीच लेव्हल. ऑफिसातली लेव्हल एकावर एक चढायची असते, लॉजमधली सगळ्यांना एका पातळीवर बसवते. धर्म आणि राजकारण यांवर आत बोलायचं नाही, पण देवावर श्रद्धा हवी. गीता, कुराण, बायबल, अवेस्ता आणि ग्रंथसाहिब हे ग्रंथ तिथे शेजारी शेजारी असतात. मुंबईत भारतीयांना मुद्दाम दार उघडणारं लॉज १८४३ साली डॉ. जेम्स बर्न्स या स्कॉटिश माणसाने काढलं. १९६१ मध्ये भारताचं स्वतंत्र ग्रँड लॉज झालं. आमच्याकडे स्त्रियांना अजूनही प्रवेश नाही. हे मला खटकतं, आणि तरी मी जातो.

ऑफिसातली मुलं मला ‘टेम्पलर’ म्हणतात. ‘असॅसिन्स क्रीड’ या गेममध्ये टेम्पलर हे खलनायक असतात. गेमवाल्यांना गुप्त संघटना फार आवडतात, फक्त त्यांच्यातला माणूस शेजारच्या टेबलावर बसलेला त्यांना चालत नाही.

लॉजमधली भाषणं कागद न बघता म्हणायची असतात. त्या वर्षी दिवाळीआधीच्या सभेत नव्या सदस्याला हत्यारांचा अर्थ सांगायचं काम माझ्याकडे आलं होतं. हातोडा, छिन्नी आणि चोवीस इंचांची पट्टी. चोवीस इंच म्हणजे दिवसाचे चोवीस तास. काही प्रार्थनेला, काही कामाला आणि विश्रांतीला, काही अडलेल्या मित्राला. तेही स्वतःचं आणि आपल्या माणसांचं नुकसान न करता. चर्चगेट लोकलमध्ये दाराशी उभा राहून मी पंधरा दिवस हे पाठ करत होतो. इंग्रजी जुनं, वाक्यं लांब, आणि दादरला गर्दी घुसली की मधलं एक वाक्य हमखास निसटायचं.

नेमकी त्याच गुरुवारी आमची दिवाळीची आवृत्ती जायची होती. सगळं तपासून मी पाचला निघालो. आत फोन बंद. भाषण एकदाही न अडखळता झालं. मला हे सगळं शिकवणाऱ्या पारशी बावाजींनी जेवताना पाठीवर थाप मारली, ‘डिकरा, आज तू जिंकला!’ दहाच्या सुमारास बाहेर येऊन फोन चालू केला, तर एकतीस मिस्ड कॉल.

कमी मेमरीच्या, स्वस्त फोनवर आमचा गेम सुरू होताच बंद पडत होता. दिवे आणि आकाशकंदील भरलेली ती लेव्हल माझीच होती. ती हलकी कशी करायची हे मला माहीत होतं. माझ्या हाताखालच्या मुलीला नव्हतं. वर्षभरापूर्वी कॉलेजातून आलेली. मी टॅक्सीने पोहोचेपर्यंत तिने एकटीनेच शोधून काढलं होतं, पण पुन्हा तपासणीत पहाटेचे तीन वाजले. सकाळी तिच्या कथकच्या परीक्षेची तालीम होती. ती गेली नाही. मला काही बोललीही नाही.

चोवीस इंचांवर बोलायला मी जे तास काढले, ते तिच्या पट्टीतून कापले होते. ‘आपल्या माणसांचं नुकसान न करता’ हे शब्द मी पाठ म्हटले होते, त्याच संध्याकाळी.

पुढच्या वर्षी मी वॉर्डन होणार होतो, आणि त्या वाटेने एक दिवस लॉजचा मास्टर. मी बावाजींच्या घरी गेलो आणि नको म्हटलं. ते रागावतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, सदस्याने सभेला आलंच पाहिजे, पण त्याची दोरी पोहोचेल तेवढ्याच लांबून. पोटापाण्याच्या आणि घराच्या पलीकडे ती ताणायची नसते. मग थोडं थांबून म्हणाले, ‘तुझ्या शेठला पण दोरी असते की नाही?’

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आमच्या धंद्यात दोरीचं माप कोणी घेत नाही. ऑफिसात मी दोन गोष्टी मागितल्या. सणाची आवृत्ती सणाच्या निदान आठवडाभर आधी गोठवायची, आणि प्रत्येक लेव्हलची माहिती दोघांना असायची. दुसरी लगेच मिळाली. पहिली दोनदा पाळली गेली आणि तिसऱ्यांदा मोडली. त्या रात्री थांबलो तो मी.

लॉजमध्ये आता मी स्ट्युअर्ड आहे, म्हणजे जेवणाची व्यवस्था बघणारा. नवख्याचं काम. वाढायला मला आवडतं, आणि त्यात पाठ करावं लागत नाही.

त्या मुलीचा कथकचा वर्ग दर गुरुवारी असतो. आवृत्ती जायची असेल त्या गुरुवारी आम्हा दोघांपैकी एकाने थांबायचं, आळीपाळीने, असं ठरलं आहे. या महिन्यात पाळी माझी आहे. वाढायला दुसरं कोणीतरी बघा, हे बावाजींना अजून कळवायचं आहे.