कुरणातली शाळा

डहाणूकडच्या वारली पाड्यांतली मुलं सकाळीच गुरं घेऊन रानात जायची. शाळेची घंटा त्यांच्या कानावर पडणार तरी कशी? मग शाळाच त्यांच्या मागोमाग कुरणात गेली.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं, १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर आलं. त्यांच्या कुरणशाळेत एकीकडे गुरं चरायची, दुसरीकडे झाडाच्या सावलीत धडे चालायचे. मॉन्टेसरी पद्धतीची महागडी साधनं पाड्यांना कुठून परवडणार? त्यांच्या जागी खडे, बिया, पानं, शंख-शिंपले आले. मोजणी खड्यांवर, रंगांची ओळख पानाफुलांवर.

मला यातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते हे, की रानातल्या मुलाला झाडं नि पाखरं आधीच ठाऊक असतात. तिथे बाईही त्याच्याकडून शिकतात.

शिक्षकमित्रांनो, शाळेजवळचं एखादं झाड निवडा. दर पंधरवड्याला मुलांना तिथे न्या. पालवी कधी फुटली, फुलं कधी आली, कोणत्या पाखराने घरटं बांधलं, हे त्यांनाच वहीत लिहू द्या.