पहिलीचं वर्ष दोनदा सुरू होतं



पहिलीच्या मुलाला शाळेत कसं रुळवायचं, हा खरं तर जून महिन्यातला विषय. दिवाळीची सुट्टी संपल्यावर ही बाई हे काय काढून बसली, असं तुम्हाला वाटेल. पण आमच्या शिरूर-दौंडकडच्या कितीतरी शाळांत पहिलीचं वर्ष दोनदा सुरू होतं. एकदा जूनमध्ये, आणि दुसऱ्यांदा साखर कारखान्यांची धुराडी पेटली की.

जूनमधल्या मुलाचं त्यातल्या त्यात बरं असतं. शाळेच्या दाराला तोरण, हातात नवी पुस्तकं, एखाद्या गावात तर सजवलेल्या बैलगाडीतून मिरवणूक. २०२२ पासून ‘पहिले पाऊल’ नावाचे शाळापूर्व तयारीचे मेळावेही भरतात. मूल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे जातं, उड्या मारतं, चित्र बघून गोष्ट सांगतं, खडे मोजतं. कशात पक्कं, कशात कच्चं, ते आईला तिथंच दिसतं. मग सुट्टीत वस्तीवरच्या चारजणी मिळून मुलांकडून खेळ करून घेतात. चांगलं काम आहे. फक्त मुलाच्या पोटातली भीती कुठल्याच टेबलावर मोजता येत नाही.

आणि ती असतेच. आमच्याकडची बरीचशी पोरं वस्तीवरची. घर उसात, शेजारचं घर हाकेच्या अंतरावर. घरची माणसं, गुरं, कुत्रं एवढ्यातच वाढलेलं पोर एकदम तीस-चाळीस जणांच्या गलक्यात येतं. त्यानं रडू नये तर काय करावं? त्यात वर्षभर घरात त्यानं ऐकलेलं असतं, ‘थांब, शाळेत घालते तुला, मग बाई बघतील.’ पोरानं बाईंना पाहिलेलंही नसतं आणि बाईंचा धाक मात्र बसलेला. हे एक वाक्य घरातून गेलं ना, तरी निम्मं रडणं कमी होईल.

दुसरं, वडील मोटारसायकलवरून आणतात आणि पोराची नजर चुकवून सटकतात. तसं करू नका. एकदा फसलेलं मूल दुसऱ्या दिवशी गाडीवरच बसत नाही. सांगून जा. ‘साडेचारला येतो’ म्हणण्यात अर्थ नाही, त्याला घड्याळ कुठं कळतं? ‘खिचडी खाल्लीस, खेळलास, की मग घंटा होते, घंटा झाली की मी फाटकाशी,’ असं सांगा. आणि खरंच तिथं असा. उसाला पाणी लावायचं राहिलंय, लाइट कधी येईल त्याचा भरवसा नाही, हे सगळं मला ठाऊक आहे. तरी पहिले काही दिवस आजी, आत्या, कुणीतरी फाटकाशी हवंच. पिंपरखेड, जांबूतच्या बाजूला तर बिबट्यामुळे आता पोराला एकटं कुणी सोडतच नाही. तिथं लहान मुलांचे जीव गेलेत. सोबत चालायचंच आहे, तर वाटेत ‘काय शिकवलं’ हे विचारू नका. ‘आज शेजारी कोण बसलं होतं’ हे विचारा. त्याचं नाव सांगता आलं, तर समजा, गाडी मार्गाला लागली.

आता एक गोष्ट, जी सांगताना लोक हसतात. ‘बाई, एकीला जाऊ?’ हे मोठ्यानं विचारता येणं आणि चड्डी आपली आपल्याला काढता-घालता येणं. अक्षर गिरवता येत नाही म्हणून शाळा टाळणारं पहिलीचं पोर माझ्या पाहण्यात नाही. वर्गात चड्डी ओली झाली, पोरं हसली, म्हणून पुढं आठवडाभर न आलेली मात्र पुष्कळ आहेत. तेव्हा बटणाची ऐट नको, इलॅस्टिकची चड्डी घाला. आणि बाईंनी पहिल्याच दिवशी सगळ्या वर्गाला संडास कुठं आहे, कडी कशी लागते, हे दाखवून आणावं.

हे झालं जूनच्या मुलाचं. आता नोव्हेंबरचं मूल.

बीड, जालना, अहिल्यानगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. पाटस, आलेगाव आणि आसपासच्या शिवारात त्यांच्या झोपड्या, म्हणजे कोप्या, पडतात. बीड जिल्ह्यातही एक शिरूर आहे, शिरूर कासार. तिथल्या टोळीतलं पोर घोडनदीकाठच्या आमच्या शिरूरला येतं; शिरूर सोडून शिरूरलाच. पण त्याची शाळा तिकडं राहिलेली असते. जूनमध्ये तेही रडून रुळलेलं, त्यालाही शेजारी बसणारं कुणी मिळालेलं. इथं वर्गात जोड्या जमून गेल्यात, निम्मी अक्षरं झालीत, आणि त्याच्यासाठी दाराला तोरण नाही.

आईबाप दिवस उगवायच्या आधी फडात जातात. पोराला शाळेत कोण घालणार? पुष्कळदा त्याच्याच कडेवर धाकटं भावंड असतं. माझं मत स्पष्ट आहे, त्या धाकट्यालाही वर्गात बसू द्या. जवळ अंगणवाडी असेल तर उत्तमच, नसेल तर कोपऱ्यात खेळेल. ‘त्याला घरी ठेवून ये’ म्हणालात, तर दोघंही परत येणार नाहीत.

कागदाचं म्हणाल, तर शिक्षण हक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. वयाचा पुरावा नाही म्हणूनही नाही. गावाकडच्या शाळेनं शिक्षण हमी कार्ड दिलं असेल तर काम सोपं होतं. ज्यांच्या रानात कोप्या आहेत त्या शेतकऱ्यांनी आणि मुकादमांनी एवढंच करावं: टोळीत सहा वर्षांचं पोर दिसलं की शाळेत निरोप धाडावा.

वर्गात बाईंनी त्या मुलाला एक जोडीदार नेमून द्यावा, खिचडीला सोबत बसणारा, नळ दाखवणारा. रांजणगाव, कुरकुंभच्या एमआयडीसीत हिंदी बोलणारी मुलं येतात, त्यांनाही हाच उपाय लागू पडतो. पोरं भाषा पोरांकडूनच लवकर उचलतात, आपल्याकडून नाही.

मार्च-एप्रिलमध्ये तोडीचा हंगाम संपतो, पट्टा पडतो आणि टोळी एका दिवसात कोपी मोडून निघते. परीक्षेची वाट कुणी बघत नाही. म्हणून शिक्षकांनी आधीच हमी कार्ड भरून त्या घरात देऊन ठेवावं. किती दिवस हजर, काय वाचतं, कुठवर मोजतं, हे लिहायचंच. त्याखाली हातानं एक ओळ लिहा, हे मूल कुणाशेजारी, कसं बसवलं की बोलायला लागतं. जूनमध्ये तिकडच्या बाईंना पहिल्या दिवशी तीच ओळ लागणार आहे.