समुद्रापलीकडचे सहाध्यायी
(नभोवाणीवरील भाषण)



परदेशीं जाऊन विद्या संपादन करणें हें भाग्य आपल्याकडे नेहमींच थोड्यांच्या वांट्याला आलें आहे. आनंदीबाई जोशी १८८३ सालीं अमेरिकेस गेल्या आणि १८८६ सालीं फिलाडेल्फिया येथून वैद्यकाची पदवी घेऊन परतल्या. परंतु शरीर इतकें खचलें होतें कीं, १८८७ च्या फेब्रुवारींत पुण्यास त्यांचें निधन झालें. डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ सालीं न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत गेले व तेथून लंडनला गेले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपतांच १९१७ सालीं त्यांना अभ्यास अर्धवट टाकून परतावें लागलें, आणि तो पुरा करण्यासाठीं १९२० सालीं पुन्हां लंडन गांठावें लागलें. एकीला प्रकृतीनें दगा दिला, दुसऱ्याला पैशानें अडविलें. ज्यांनीं हट्टानें वाट काढली त्यांचीं नांवें इतिहासांत राहिलीं. ज्यांना उंबरठाच ओलांडतां आला नाहीं, त्यांची मोजदाद कोणीं ठेवली आहे?

विद्यार्थ्याला हलवितां येत नसेल तर विद्याच त्याच्या घरीं पाठवावी, हा विचार नवा नव्हे. लंडन विद्यापीठानें १८५८ सालीं बाहेरच्या विद्यार्थ्यांना आपल्या परीक्षांचीं दारें उघडलीं. इंग्लंडांत १९६९ सालीं मुक्त विद्यापीठ निघालें. आपल्या नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ सालीं स्थापन झालें. या संस्थांचे उपकार मोठे आहेत. परंतु घरीं आलेला पाठ घेऊन बसणारा विद्यार्थी पुष्कळदां एकटाच असे. पुस्तक मिळालें, परीक्षा मिळाली, पदवीहि मिळाली. मिळाला नाहीं तो सहाध्यायी. आतां मी बोलतों आहें आणि आपण ऐकतां आहां, त्यांतलाच हा प्रकार. माझें म्हणणें आपल्याला पटलें नाहीं तर मला मध्येंच थांबवून तसें सांगण्याची सोय या यंत्रांत नाहीं.

ही उणीव भरून काढणारी एक पद्धति गेल्या वीसपंचवीस वर्षांत उदयास आली आहे. न्यूयॉर्क राज्याच्या विद्यापीठांतील पर्चेस महाविद्यालयाचे चित्रपटविद्येचे प्राध्यापक जॉन रुबिन यांनीं आपल्या विद्यार्थ्यांना परदेशांतील विद्यार्थ्यांबरोबर इंटरनेटवरून एकत्र काम करावयास लावलें, आणि २००६ सालीं त्या विद्यापीठांत या कामासाठीं स्वतंत्र केंद्र निघालें. त्याच्या इंग्रजी नांवाच्या आद्याक्षरांवरून या पद्धतीला ‘कॉइल’ म्हणतात. हिची रचना साधी आहे. दोन देशांतले दोन अध्यापक आपापल्या अभ्यासक्रमांतला एखादा समान भाग निवडतात. पांच ते आठ आठवडे दोन्हीं वर्ग तो भाग मिळून शिकतात. प्रथम ओळख, मग तुलना, मग मिश्र गटांनीं करावयाचें एक काम, आणि शेवटीं काय शिकलों याचा विचार, असा क्रम असतो. विद्यार्थी आपल्याच महाविद्यालयाचा राहतो. गुण देतो तो त्याचाच अध्यापक. दुसऱ्या विद्यापीठाची फी नाहीं, प्रवेशपरवाना नाहीं, विमानाचें भाडें नाहीं.

एक उदाहरण कल्पूं या. सोलापूरचा एक वर्ग आणि हॉलंडमधला एक वर्ग ‘पाण्याचा प्रश्न’ हा विषय घेतात. सोलापूरच्या मुलीच्या मनांत पाणी म्हटलें कीं उजनी धरणांत किती उरलें आणि नळाला कोणत्या दिवशीं येणार, हे विचार येतात. हॉलंडची सुमारें चौथाई भूमि समुद्रसपाटीच्या खालीं. तेथल्या मुलाला पाणी म्हटलें कीं तें बाहेर कसें काढावें, हें आठवतें. तो सांगतो कीं, आमच्याकडे पाण्याचा कारभार पाहणारीं शेंकडों वर्षांचीं जुनीं मंडळें आहेत आणि त्यांच्यासाठीं आम्ही निराळें मतदान करतों. ती विचारते, मतदान करून पाणी वांटलें तर शेवटच्या शेताला तें पोंचतें का? त्यानें याचा कधीं विचारच केलेला नसतो, कारण त्याच्या देशांत शेवटच्या शेताची तक्रार पाणी निघत नाहीं ही असते. एकाच शब्दाचे दोन अर्थ दोन देशांनीं आपापल्या अनुभवानें ठरविले आहेत, हें त्या दोघांना तेथें कळतें. पाठ्यपुस्तकांत हें लिहितां येईल. पण तें वाचणें निराळें आणि आपल्याच वयाच्या माणसाला आपलें उत्तर समजावून देतांना उमगणें निराळें.

येथें एक आक्षेप येईल. २०२० सालच्या महामारींत आपण सर्वांनीं पडद्यावरचे वर्ग पाहिले. त्यांतून काय निष्पन्न झालें? आक्षेप खरा आहे. त्या वेळीं एक अध्यापक बोलत होता आणि साठ बंद खिडक्या ऐकत होत्या, किंवा ऐकतही नव्हत्या. तें व्याख्यान होतें, वर्ग नव्हता. मी आयुष्यभर खडू हातांत धरलेला माणूस आहें. मुलगा शिकतो तो शिक्षक बोलतो म्हणून नव्हे, तर त्याला कांहीं करावें लागतें म्हणून, एवढें त्या खडूनें मला शिकविलें. परदेशी प्राध्यापकाचें भाषण पडद्यावर दाखवून त्याला ‘आंतरराष्ट्रीय वर्ग’ म्हणणें ही नुसती जाहिरात होय.

अडचणी मात्र निराळ्याच ठिकाणीं आहेत. पहिली घड्याळाची. सोलापुरांत दुपारचे दोन वाजतात तेव्हां हॉलंडांत उन्हाळ्यांत सकाळचे साडेदहा असतात. हें जमण्यासारखें आहे. पण न्यूयॉर्कच्या सकाळी नऊच्या वर्गाला आपल्याकडे उन्हाळ्यांत सायंकाळचे साडेसहा आणि हिंवाळ्यांत साडेसात वाजलेले असतात. खेड्यावरून येणारी मुलगी तोंपर्यंत थांबली तर तिची शेवटची एस्. टी. गेलेली असते. वेळ ठरवितांना नेहमीं आपणच पडतें घ्यावयाचें कीं आळीपाळीनें, हें पहिल्याच दिवशीं स्पष्ट झालें पाहिजे.

दुसरी अडचण भाषेची व यंत्राची. इंग्रजी अडखळत बोलणारा, आणि ज्याच्या खेड्यांत इंटरनेट मध्येंच तुटतें असा विद्यार्थी पडद्यावर गप्प दिसतो. आणि गप्प विद्यार्थ्याला परके लोक मंद समजतात. म्हणून समोरासमोरच्या संभाषणाबरोबरच सवडीनें लिहून उत्तर देण्याची सोय हवी. ज्याला बोलतां येत नाहीं, त्याला पुष्कळदां लिहितां येतें.

तिसरी अडचण मान्यतेची. आपल्या विद्यापीठ अनुदान आयोगानें २०२१ च्या नियमांनीं ‘स्वयम्’वरील अभ्यासक्रमांचे गुणांक एका सत्रांत चाळीस टक्क्यांपर्यंत धरण्यास मुभा दिली, परंतु परदेशी विद्यापीठांशीं संयुक्त पदवीचे २०२२ चे नियम ऑनलाइन पद्धतीला लागू केले नाहींत. संयुक्त वर्गाला याचा अडथळा होत नाहीं, कारण गुण आपल्याच महाविद्यालयाचे असतात. पण त्यासाठीं अध्यापकाला लागणारे जादा तास महाविद्यालयानें कामांत धरले पाहिजेत. एका उत्साही माणसाच्या रात्रींवर चाललेला उपक्रम त्याच्या बदलीबरोबर संपतो.

आणि शेवटचा धोका. पडदा स्वस्त पडतो, तेव्हां शिष्यवृत्त्या कशाला, असें उद्यां कोणी म्हणेल. युरोपनें तसें म्हटलेलें नाहीं. विद्यार्थ्यांना परदेशीं पाठविणारी तेथली इरॅस्मस योजना १९८७ सालीं सुरू झाली. २०१८ पासून तिला पडद्यावरील देवघेवीची जोड मिळाली, आणि २०२१ पासून पडद्यावरचें काम व पांच ते तीस दिवसांचा प्रत्यक्ष मुक्काम यांचा मेळ घालणारे अभ्यासक्रम निघाले. प्रवासाची जागा पडद्यानें घेतली नाहीं; त्यानें प्रवासाची तयारी करून दिली. परक्या शहरांत भाड्याची खोली शोधणें, भाजी घेतांना भाषा चुकणें, एकटेपणा सोसणें, हें शिक्षण कोणत्याहि तारेंतून येत नाहीं.

म्हणून ज्या घरांत कॉलेजांत जाणारें मूल आहे, त्यांना माझें एवढेंच सांगणें आहे. माहितीपत्रकांतल्या ‘आंतरराष्ट्रीय’ या शब्दावर समाधान मानूं नका. प्राचार्यांना तीन प्रश्न विचारा: माझी मुलगी परदेशांतल्या कोणाबरोबर काम करणार, त्याचे गुण धरणार कीं नाहीं, आणि वर्ग सुटल्यावर तिला घरीं जावयास गाडी आहे ना? या तिन्हींचें सरळ उत्तर मिळालें, तर तिला त्या वर्गांत निःशंकपणें बसवा.