धुऱ्यावर लावा करवंदाचे कुंपण



तूर फुलावर आली आणि एका रात्रीत रोह्यांचा कळप वावरातून गेला, तर मागं काय उरतं हे वाशीम जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला सांगायला नको. काहीजण मग तारेत वीज सोडतात. तो गुन्हा तर आहेच, पण रात्री पाणी द्यायला निघालेला घरचाच माणूस त्यात दगावतो. त्यापेक्षा धुऱ्यावर करवंद लावा.

करवंद हे सदाहरित, काटेरी झुडूप. मुरमाड, हलक्या जमिनीत, कमी पाण्यावर येते. मुळाशी साचलेले पाणी मात्र त्याला सोसत नाही. म्हणून काळ्या वावरात धुऱ्याच्या उंचवट्यावरच लावा.

रोपे घरी करता येतात. पूर्ण पिकलेल्या फळांचे बी काढून धुवा, सावलीत सुकवा आणि लगेच पिशव्यांत पेरा. डब्यात राखून ठेवलेले बी नीट उगवत नाही. रोप वर्षाचे झाले की पावसाच्या सुरुवातीला ३-३ फुटांवर लावा. चौरस एकराचा घेर सुमारे ८३५ फूट, म्हणजे एका ओळीला २८० रोपे झाली. दुसरी ओळ पहिलीच्या दोन रोपांच्या मधोमध घ्या, म्हणजे रानडुकराला घुसायला फट राहणार नाही. रोही उडी मारतो, तेव्हा कुंपण डोक्याच्या वर जाईपर्यंत राखण सोडू नका. आणि धुरा सामाईक असेल तर शेजाऱ्याला आधी विचारा. धुऱ्याची भांडणं आपल्याकडे काही कमी नाहीत.

पहिल्या वर्षी शेंडा छाटा, म्हणजे बुडातून फांद्या फुटतात. दोन उन्हाळे पाणी द्यावे लागेल, बोरी-बाभळीच्या काट्यांचा आडोसाही लागेल. साधारण तिसऱ्या वर्षापासून फळ धरते. मोठे फळ हवे असेल तर दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण बोल्ड’ ही जात आहे. रिसोड तालुक्यातल्या करडा येथील कृषी विज्ञान केंद्रात सल्ला विचारा.

पिकलेले फळ लवकर मऊ पडते, लांबच्या बाजाराला टिकत नाही. म्हणून माल घरीच वापरा, नाहीतर बचत गटाकडे द्या. कच्च्या फळाचे लोणचे घालताना फळे चिरून मिठाच्या पाण्यात ठेवा, चीक निघून जातो. जेलीला थोडी कच्चीच फळे घ्या. बुडेल इतक्या पाण्यात शिजवून रस गाळा, रसाच्या बरोबरीने साखर घालून आटवा. थेंब गार पाण्यात टाकून पाहा. तो पसरला नाही की पातेले उतरवा.